राष्ट्राचे ताट आणि शेवटची पंगत

वर्षअखेर जवळ आली की जगातील राष्ट्रांच्या स्वयंपाकाची क्रमवारी लावणाऱ्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात. कोठे इटलीला पहिला मान मिळतो, कोठे ग्रीसला, कोठे जपानला. भारताचा क्रमांक वर लागला की वृत्तपत्रांत अभिमानाचे मथळे झळकतात. खाली घसरला की तीच वृत्तपत्रे अन्याय झाल्याची तक्रार करतात. हा वाद निव्वळ करमणुकीचा आहे असे समजून बहुतेक राजकीय कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. तसे करणे बरोबर नाही. ‘आमचा स्वयंपाक श्रेष्ठ’ या वाक्यातील ‘आमचा’ हा शब्द कोणाला पंगतीत बसवतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो, हा प्रश्न पाककलेचा नसून राजकारणाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली आणि १५ ते ४९ या वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा देशात स्वयंपाकाच्या श्रेष्ठत्वाची चर्चा कोठून सुरू करावयाची, याचा विचार समाजवाद्यांनी तरी केला पाहिजे.

प्रथम चवीचाच मुद्दा घेऊ. कोकणातील माणसाला माशाच्या आमटीत जे सुख लाभते आणि नागपूरकडच्या माणसाला वडाभातात जे सुख लाभते, त्यांपैकी मोठे कोणते हे ठरवणारा तराजू कोणाजवळ नाही. लायनेल रॉबिन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९३२ साली हेच तत्त्व सर्व उपभोगाला लावले. एका व्यक्तीचे समाधान दुसरीच्या समाधानाशी शास्त्रीय रीतीने ताडून पाहता येत नाही, असे त्याने प्रतिपादन केले. चवीपुरते त्याचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु रॉबिन्स तेथे थांबला नाही. श्रीमंताचा एक पौंड गरिबाला दिल्याने समाजाचे एकूण समाधान वाढते, या विधानालाही शास्त्रीय आधार नाही, असा निष्कर्ष त्याच तत्त्वातून निघाला आणि जगभरच्या स्थितिवाद्यांना तो फार सोयीचा वाटला. समाजवादी विचाराची फारकत होते ती येथे. चवीची तुलना होत नाही हे खरे, परंतु भुकेची होते. दोन मुलांपैकी कोणते अधिक आवडीने जेवले हे सांगता येणार नाही. कोणते उपाशी झोपले हे निश्चित सांगता येते. राष्ट्रांच्या स्वयंपाकांची तुलना करावयाचीच असेल, तर ज्याचे मोजमाप होऊ शकते तेथून ती केली पाहिजे.

दुसरी अडचण ‘राष्ट्रीय’ या विशेषणाची आहे. अन्न राष्ट्राच्या सीमा मानत नाही. महाराष्ट्रात एकादशीला ज्या साबुदाण्याच्या खिचडीने उपवास पाळला जातो, तिच्यातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चारही पदार्थ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज दर्यावर्दी या किनाऱ्यावर येण्यापूर्वी ही खिचडी कोणत्याही देवाला ठाऊक नव्हती. वडापाव हे मुंबईच्या कष्टकऱ्यांचे अन्न. त्यातील ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्दच पोर्तुगीज आहेत. इटलीचे भूषण मानला गेलेला टोमॅटोही अमेरिकेतून गेला. खुद्द इटली हे राष्ट्र १८६१ साली एक झाले आणि पेल्लेग्रिनो आर्तुसी याचे पाककृतींचे पुस्तक १८९१ साली निघाल्यानंतर हळूहळू ‘इटालियन स्वयंपाक’ या कल्पनेला आकार आला. राष्ट्रीय स्वयंपाक मातीतून उगवत नाही. तो छापखान्यातून निघतो, आणि छापलेले वाचणाऱ्या वर्गाच्या स्वयंपाकघराचा वास त्याला असतो.

भारताच्या संदर्भात अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली हेच दाखवून दिले. शहरी मध्यमवर्गासाठी निघालेल्या इंग्रजी पाकपुस्तकांतून ‘भारतीय स्वयंपाक’ नावाची वस्तू कशी घडत गेली, याचे त्यांनी विश्लेषण केले. मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि घरोघरी पोचले. घरापासून दूर संसार थाटणाऱ्या कितीतरी तरुणींना त्याने हात धरून स्वयंपाक शिकवला. त्या पुस्तकाची योग्यता कोणी नाकारण्याचे कारण नाही. परंतु मराठवाड्यातील दलित वस्त्यांत चुलीवर काय शिजत होते आणि ते तसे का शिजत होते, हे मराठी वाचकाला पुस्तकरूपाने सविस्तर कळण्यासाठी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली यावे लागले. तेलातुपाला पैसा नाही, म्हणून त्यांची उणीव दुसऱ्या कशाने तरी भरून काढणारा आणि गावाने टाकलेल्यातून चव निर्माण करणारा हा स्वयंपाक महाराष्ट्राचा नव्हे काय? आणि तो महाराष्ट्राचा असेल, तर ‘महाराष्ट्रीय थाळी’ म्हणून जे ताट मिरवले जाते त्यात त्याला जागा का नसावी? शितावरून भाताची परीक्षा होते असे म्हणतात. पण शित पातेल्याच्या कोणत्या थरातून उचलले, यावर ती परीक्षा अवलंबून असते.

जी राष्ट्रे स्वयंपाकाबद्दल सर्वाधिक वाखाणली जातात, त्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फ्रान्सच्या राजदरबारी पाककलेचा बोलबाला साऱ्या युरोपात होता. त्याच फ्रान्समध्ये ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातील स्त्रिया पावासाठी व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला घेऊन परतल्या. क्रांतीनंतर पॅरिसमधील भोजनगृहांची भरभराट झाली, परंतु ती धनिकांची आणि नवधनिकांची. ब्रिटनी प्रांतातला शेतकरी पुढेही दीर्घकाळ बकव्हीट नावाच्या हलक्या मानलेल्या धान्याची लापशी आणि धिरडी खाऊन राहिला. आज तीच धिरडी पॅरिसच्या उपाहारगृहांत आवडीने खाल्ली जातात. गरिबाच्या अन्नाला प्रतिष्ठा मिळते ती बहुधा ते गरिबाच्या ताटातून उचलले गेल्यावर.

मक्याची कथा याहून बोलकी आहे. मेक्सिकोतील मूळ रहिवासी हजारो वर्षे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, मग वाटीत आले. त्या प्रक्रियेने मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. विजेत्या युरोपीयांनी मका नेला, पण ज्यांना ते रानटी समजत होते त्यांची ही विद्या नेली नाही. परिणामी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील खंडकरी शेतकरी आणि शेतमजूर पेलाग्रा या रोगाने ग्रासले गेले: अंगावर चट्टे, अतिसार, शेवटी बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट पिठले. त्याखेरीज त्यांच्या ताटात फारसे काही पडत नव्हते. गहू, मांस आणि दारू मालकाकडे जात होती. त्याच पोलेंताच्या ताटाला आज इटलीच्या पाकवैभवात मानाचे स्थान आहे. पोलेंतात दोष नव्हता. दोष जमीनधारणेत होता. ताटात दुसरे काही पडू लागताच तो रोग ओसरला.

मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. फ्रेंच भोजनपद्धतीलाही त्याच वर्षी तो मान मिळाला. मात्र त्याच्या तीनच वर्षे आधी, जानेवारी २००७ मध्ये, मेक्सिको शहरात हजारो लोक तोर्तिया महागली म्हणून रस्त्यावर उतरले होते. तोर्तिया म्हणजे त्यांची मक्याची भाकरी. १९९४ च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेतील अनुदानित मका त्या देशात शिरला आणि लहान शेतकऱ्याला बाजारात उभे राहणे कठीण झाले. आपल्याच मक्यावर ज्या देशाचा ताबा उरला नाही, त्याच्या मक्याच्या पदार्थांना जागतिक वारशाचे प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्राने भाकरी स्वस्त होत नाही.

याउलट उदाहरण इंग्लंडचे. इंग्रजी स्वयंपाक ही साऱ्या युरोपच्या चेष्टेची वस्तू. या बेचवपणाचेही मूळ बरेचसे अर्थव्यवस्थेत सापडते. सामाईक गायराने कुंपणे घालून बळकावली गेली, शेतकरी जमिनीवरून उठून गिरणीच्या दारात आला आणि पाव, चहा व गुलामांच्या श्रमातून आलेली साखर यांवर त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होऊ लागला. जमीन, गाय, परसबाग आणि वेळ या चारही गोष्टी गेल्यावर चांगला स्वयंपाक कशाच्या जोरावर टिकावा? परंतु याच इंग्लंडने १९४० ते १९५४ या काळात शिधावाटप राबवले. लोणी, साखर, मांस, चहा, चीज यांचे वाटे ठरले. १९४२ पासून सर्वांसाठी एकच करड्या रंगाचा ‘राष्ट्रीय पाव’ आला. तो कोणालाही आवडला नाही. गर्भवतींना आणि लहान मुलांना दूध, संत्र्याचा रस आणि माशाचे तेल देण्याची व्यवस्था झाली. खवय्यांच्या दृष्टीने ही इंग्लंडच्या इतिहासातली सर्वांत निकृष्ट वर्षे असतील. तरीही युद्ध संपले तेव्हा तेथील बालमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा खाली आलेले होते आणि गरीब वस्त्यांतील मुले पूर्वीपेक्षा बरे जेवत होती. चव गेली, परंतु पंगत एक झाली.

मात्र ही पंगत बेटापुरतीच होती. १९४३ साली त्याच साम्राज्याच्या अमलाखाली बंगालमध्ये सुमारे ३० लाख माणसे दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या रोगराईने मेली. भारतात धान्य पाठवण्याच्या मागण्यांना लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने पुरेसा प्रतिसाद दिला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आकडेवारीनिशी दाखवले की बंगालमध्ये १९४३ साली उपलब्ध असलेले धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये पडला. कारण शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांच्या मिळकतीत भाववाढीमुळे ते धान्य बसेनासे झाले. भात आणि माशांच्या ज्या स्वयंपाकाचे बंगाली साहित्यात इतके कौतुक झाले, त्या प्रदेशातली माणसे कलकत्त्याच्या दारोदार फिरून भात मागत नव्हती, फेन मागत होती. फेन म्हणजे भाताची ओतून टाकायची पेज. त्या वर्षी बंगाली स्वयंपाक श्रेष्ठ होता की नव्हता, या प्रश्नाला काय अर्थ उरतो? लंडनमध्ये एका राज्यकर्त्या वर्गाने वाटप करून दाखवले आणि त्याच वर्गाने बंगालमध्ये ते टाळले. याला मराठीत नेमका शब्द आहे: पंक्तिभेद.

स्वतंत्र भारताने हा पंक्तिभेद संपवला असे म्हणता येणार नाही. १९६३ साली लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर बोलताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. तो वाद वरवर आकड्यांचा होता. खरा मुद्दा असा की देशाचे मोजमाप सरासरीवर करावयाचे की तळच्या माणसावर. राष्ट्रांच्या स्वयंपाकाची यादी लावणारे तर सरासरीही घेत नाहीत. ते वरच्या थरातली साय तेवढी चाखतात.

या कसोटीवर महाराष्ट्राच्या पदरात काही जमेची बाजू आहे. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात एका टप्प्यावर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीने आणि रेशनच्या धान्याने या राज्याने बंगालची पुनरावृत्ती टाळली. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. भुकेल्याला भीक न देता कामाचा हक्क द्यावा, हा विचार त्यामागे होता आणि त्यासाठी विधिमंडळात व रस्त्यावर झगडणाऱ्यांत समाजवादी आघाडीवर होते.

परंतु त्या दुष्काळाची दुसरी एक आठवण गावोगाव सांगितली जाते आणि ती कार्यकर्त्यांनी कान देऊन ऐकावी अशी आहे. रेशनवर त्या वेळी अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ मिळत असे. जीव वाचवल्याबद्दल कोणी तिला शिव्या देत नाही, पण तिचे नाव निघताच म्हाताऱ्या माणसांचा चेहरा आजही बदलतो. पांढऱ्याशुभ्र मालदांडीची भाकरी ज्यांच्या हातावर थापली गेली, त्यांना ‘जनावराचे खाणे’ म्हणून ज्याची कुजबूज होती ते धान्य रांगेत उभे राहून घ्यावे लागले. उष्मांक भरले, मान राहिला नाही. येथेच समाजवादी चळवळीने स्वतःची चूक ओळखली पाहिजे. चव हा बूर्ज्वा चोचला आहे असे मानून अन्नाचा प्रश्न किलो आणि उष्मांक यांत मांडण्याची सवय डाव्यांना फार काळ जडली. वस्तुतः चवीचा हक्क कोणी श्रीमंतांच्या नावे लिहून दिलेला नाही. शेताच्या बांधावर भाकरी, ठेचा आणि कांदा खाणारी मजूर बाईही ठेच्यात मीठ किती हवे ते जाणते. तिला पोटभर हवे आहे आणि तिच्या आवडीचेही हवे आहे. या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा दरमाणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत मिळते. हा हक्क लहान नाही आणि त्याला ‘फुकटेपणा’ म्हणून हिणवणाऱ्यांचा प्रतिवाद केलाच पाहिजे. परंतु कायद्यात भरड धान्याची तरतूद असूनही दुकानात प्रामुख्याने येतात ते गहू आणि तांदूळ. डाळ आणि तेल त्या हक्कात नाहीत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. मेजवान्यांत नाचणी-बाजरीचे नवनवे पदार्थ मांडले गेले आणि चकचकीत वेष्टनातली नाचणी शहरी बाजारात महाग झाली. ब्रिटनीच्या धिरड्यांची कथा सह्याद्रीच्या डोंगरउतारावर पुन्हा घडत आहे. ज्या आदिवासीने हे धान्य जगवले, त्याच्या रेशनच्या पिशवीत ते पडत नसेल, तर तो उत्सव कोणाचा?

राष्ट्रीय स्वयंपाकाच्या नावाखाली आणखी एक गोष्ट लादली जात आहे: शुद्धतेची कल्पना. बहुसंख्य भारतीय मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काही ना काही खातात. तरीही ‘भारतीय आहार म्हणजे शाकाहार’ हे विधान सत्य म्हणून पुढे केले जाते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबांच्या एका स्वस्त प्रथिनावर घाला पडला. शाळेच्या माध्यान्ह भोजनात अंडे द्यावे की नाही यावर अनेक राज्यांत वाद घातला जातो. तो वाद घालणाऱ्यांची मुले त्या पंगतीत सहसा नसतात. दलित स्त्रीने शिजवलेले अन्न शाळेत नाकारले गेल्याच्या बातम्या अलीकडेपर्यंत येत राहिल्या आहेत. केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली मिश्रभोजन घडवून आणले. शंभरांहून अधिक वर्षे उलटल्यावरही ज्या देशात शाळेतील पोरांची पंगत निर्वेध बसत नाही, त्याने श्रेष्ठ स्वयंपाकाचा मान मागताना थोडा संकोच बाळगावा.

आणि शेवटी रांधणारे हात. राष्ट्राच्या स्वयंपाकाचे गोडवे गाताना तो कोण करते हे सोयीस्कर रीतीने विसरले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात असल्याचे आढळले; घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, आणि मुळात असे काम करणारे पुरुषच थोडे. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणारी ती स्त्री हीच बहुतेक घरांत शेवटची पंगत. तिच्या ताटात काय उरते, याचे उत्तर रक्तक्षयाच्या आकड्याने दिलेलेच आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गृहिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघर आणि राजकारण यांच्यामधली भिंत त्यांनी पाडली. व्हर्सायवर चालून गेलेल्या स्त्रियांचे आणि त्यांचे नाते उघड आहे.

एवंच, कोणत्या राष्ट्राचा स्वयंपाक सर्वश्रेष्ठ या प्रश्नाला चवीच्या अंगाने उत्तर नाही, आणि ते नसणे ही आनंदाची गोष्ट आहे. जगात इतक्या परींनी चांगले जेवता येते, याचीच ती ग्वाही आहे. वाटपाच्या अंगाने मात्र उत्तर आहे. ज्या वर्षी ज्या समाजाच्या शेवटच्या पंगतीला आमटीत पाणी वाढवावे लागत नाही, त्या वर्षी त्या समाजाचा स्वयंपाक चांगला. हा मान कायमचा कोणालाही मिळत नाही. दर वर्षी, दर गावात तो नव्याने मिळवावा लागतो. म्हणून तालुक्यातील कार्यकर्त्याने जगाच्या यादीत देश कितवा आला ही चिंता सोडावी. आपल्या गावच्या रेशन दुकानात या महिन्यात ज्वारी आली का, अंगणवाडीतल्या खिचडीत डाळ किती आहे, आणि शाळेत मुले एका रांगेत बसतात की दोन, एवढे तीन प्रश्न त्याने गावात जाऊन विचारावेत आणि मिळालेली उत्तरे तहसील कचेरीत नेऊन मांडावीत.